मागच्या खोलीतली झोप

मंगळवारी दुपारच्या बोटीने पाहुणे यायचे होते, म्हणून टांटी अर्मिनाने मला सकाळीच दोन कामं सांगितली. परसातले दोन नीरफणस पाडायचे आणि मागच्या खोलीतल्या पलंगावर धुतलेली चादर घालायची.

"पलंगाखाली मात्र झाडू फिरवू नकोस," ती म्हणाली. "तिथलं मी बघते."

"का? खजिना पुरलाय?"

"हो, पुरलाय. तुझ्या जिभेला लावायचं कुलूप आहे त्यात. जा आता."

टांटी म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. करियाकू बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, खांबांवर उभ्या असलेल्या आमच्या चार खोल्यांच्या घरात ती पाहुणे ठेवते. मी दूर उत्तरेत, बर्फातल्या हॅलिफॅक्सला सहा वर्षं शिकून नऊ महिन्यांपूर्वी परत आले होते. बेटावरच्या शाळेत इतिहास शिकवत होते आणि आता ईस्टरची सुट्टी लागली होती. परत येताना मी मनाशी एक यादी करून आणली होती. पोरांकडून त्यांच्या आज्या-पणज्यांची नावं पाठ करून घ्यायची. म्हाताऱ्यांच्या ढोलांचे ठेके टिपून ठेवायचे. जे जे आमचं विसरायला झालंय ते परत जागं करायचं. आणि सगळ्यात आधी, माझ्या वडिलांचा दगड उभा करायचा.

आमच्याकडे माणूस पुरला म्हणून गेला असं होत नाही. त्याच्या नावाचा सिमेंटचा दगड ओतून घेतात आणि काही दिवस घरात, पांढऱ्या चादरीत निजवून ठेवतात. मग एके दिवशी गेलेला माणूस घरातल्या कुणाच्या तरी स्वप्नात येतो आणि विचारतो, माझी वेळ झाली का? घरच्याने म्हणायचं, झाली, ये. त्यानंतर दगडाचं जेवण होतं, ढोल वाजतात, जमिनीवर रम शिंपडतात आणि दगड कबरीच्या डोक्याशी उभा राहतो. तोवर त्याचा पाय रस्त्यावरच असतो.

पापा जाऊन चार वर्षं झाली होती. ते गेले तेव्हा मी बर्फात होते, परीक्षेला बसलेली. टांटीने कळवलं होतं की दगड अजून करायचाय.

मी चादर घातली, आणि अर्थातच पलंगाखाली वाकले. पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबट तिथे होतं. कापड बाजूला केलं. सिमेंटमध्ये खिळ्याने कोरल्यासारखी अक्षरं होती. *ऑगस्टिन ईनो. बोटी बांधणारा. विश्रांती घेत आहे.*

मी तशीच स्वयंपाकघरात गेले. टांटी मासे साफ करत होती.

"कधीपासून आहे तो तिथे?"

तिने मान वर केली नाही. "तीन वर्षं."

"तीन वर्षं! आणि त्यावर पाहुणे झोपवतेस?"

"आधी तो पलंगावरच होता. रीतीने. वाट बघितली, आज विचारेल, उद्या विचारेल. नाही आला ग स्वप्नात. माझ्या नाही, कुणाच्याच नाही. न विचारता जेवण घालायचं म्हणजे झोपलेल्याच्या तोंडात घास कोंबायचा. तेवढ्यात हे आज येणारे बूथरॉइड नवराबायको पहिल्यांदा आले, पलंग हवा होता, म्हटलं पंधरा दिवस खाली राहील. मग त्यांनी कुठेतरी लिहिलं की या खोलीत झोप फार छान लागते. तेव्हापासून खोली रिकामी आहे कुठे?"

"या बेटाने जगाला एकच वस्तू विकायला काढलीय टांटी, विश्रांती. आणि तू माझ्या बापाची काढलीस."

"बर्फात बरंच शिकवलेलं दिसतंय," टांटी म्हणाली आणि माशाचं डोकं तोडलं. "शनिवारी करू जेवण. विचारो न विचारो. पाहुणे शनिवारीच जातायत. आता धक्क्यावर जा, बोट आली असेल."

बोटीतून उतरणाऱ्यांत ते बूथरॉइड नवराबायको लगेच ओळखू आले. क्लाइव्ह उंच, लालबुंद, दोन्ही हातांत बॅगा. डॉरीन त्याच्या मागून चालत होती, पाण्यातून चालावं तशी. तिचे डोळे इतके आत गेले होते की त्यांचा रंग कळत नव्हता.

"तूच का ती शिकलेली भाची?" क्लाइव्ह म्हणाला. "आमची राणीसाहेब चार हजार मैल आलीय, फक्त झोपायला. घरी एवढा महाग पलंग घेऊन दिला, त्यावर मीच घोरतो."

"गप रे," डॉरीन म्हणाली. मग माझा हात धरून, "दोन वर्षं झाली, बाळ. इथून गेल्यापासून रात्रीत तीन तासांवर डोळा लागला नाही. तीच खोली आहे ना?"

"तीच आहे, मिस डॉरीन. वाटेत समुद्रावर थांबू या का थोडं?"

"समुद्र कुठे पळून जातोय? पलंग दाखव."

घरी पोचल्यावर तिने लक्ष्मणफळाच्या सरबताचे दोन घोट घेतले, टांटीच्या गालाला गाल लावला आणि खोलीत गेली. क्लाइव्ह ओसरीवर टांगलेल्या झोळीत पडला. दोन वाजले होते.

दुपारी दोनची वेळ आमच्याकडे कशी असते ते सांगायला हवं. वारा पडतो. ऊन इतकं पांढरं होतं की झाडांना सावलीच राहत नाही. कुत्री घरांखाली शिरतात, माणसं बोलायची थांबतात. मी आंब्याखाली वही घेऊन बसले होते. आणि मला ऐकू आलं.

ठक… ठक-ठक.

थांबून पुन्हा. ठक… ठक-ठक.

बोटीच्या फळ्यांमधल्या फटींत काथ्या ठोकून बसवतात, त्या लाकडी हातोडीचा आवाज. प्रत्येक कारागिराचा ठेका वेगळा असतो. एक ठोका अंदाजाचा आणि दोन भरवशाचे, असा आमच्या किनाऱ्यावर एकच माणूस ठोकायचा. मी त्या आवाजावर वाढले होते.

मी उठले. आवाज किनाऱ्यावरून येत नव्हता, घराखालून येत होता. मागच्या खोलीखाली खांबांच्या मधे टांटीच्या कोंबड्या असतात. सातही कोंबड्या उभ्या होत्या, माना ताठ, सगळ्यांची तोंडं एकाच खांबाकडे. एकही हलत नव्हती. खांबापाशी काही नव्हतं. फक्त गरम डांबराचा वास होता, आत्ताच कुणी भांडं विस्तवावरून उतरवल्यासारखा.

ठक… ठक—

वर पलंग करकरला. डॉरीन कूस बदलत असावी, किंवा जागी झाली असावी. आवाज बंद झाला. कोंबड्या पांगल्या आणि माती उकरू लागल्या.

मी पायऱ्या चढून आले तर टांटी दारातच उभी होती.

"ऐकलंस?" ती हळूच म्हणाली.

"तू… तू आधी ऐकलंयस?"

"पाहुणे त्या पलंगावर झोपले की ऐकते. ते उठले की बंद."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगणार होते? तुझा बाप अजून कामावर जातो म्हणून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉरीन ओसरीवर आली तेव्हा मी तिला क्षणभर ओळखलंच नाही. गालांवर रंग आला होता. डोळे निळे होते. क्लाइव्ह पोहायला गेला होता. तिने नीरफणसाचे दोन काप संपवले, तिसरा घेतला आणि आपण होऊन बोलायला लागली. रॉबिन नावाचा त्यांचा मुलगा होता, एकुलता एक, ताटातली मिरची वेचून काठावर ठेवणारा. नऊ वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून गेला. तेव्हापासून झोप गेली.

"गोळ्या झाल्या, डॉक्टर झाले. डोळे मिटले की दाराची घंटा वाजते, पोलीस आलेत असं वाटतं. या पलंगावर मात्र घंटा वाजत नाही. इथे फक्त तो माणूस येतो."

"कोण माणूस?"

"स्वप्नातला ग. मागच्या खेपेला पण रोज यायचा. काल आल्या आल्या भेटला, म्हटलं बघा, ओळख ठेवलीय." ती हसली. "पायथ्याशी उभा असतो. टोपी छातीशी धरलेली. डाव्या हाताचा अर्धा अंगठा नाही बिचाऱ्याचा."

माझ्या हातातली किटली मी खाली ठेवली. पापांचा अर्धा अंगठा मी पाच वर्षांची असताना करवतीखाली गेला होता. घरात त्यांचा एकही फोटो भिंतीवर नव्हता. दगड उभा होईपर्यंत लावत नाहीत.

"काही… बोलतो का?"

"विचारतो काहीतरी. फार अदबीने. वेळ झाली का, असंच काहीसं."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"झोपेतून कुणी हलवलं तर माणूस काय म्हणणार? नाही झाली अजून, म्हणते. पाच मिनिटं थांब." तिने कापावर लोणी फासलं. "मान हलवतो आणि जातो. गुणी आहे."

दोन वर्षं. बूथरॉइड गेल्यावर दुसरे, दुसऱ्यांनंतर तिसरे. माझे वडील रोज दुपारी हातोडी खाली ठेवून, पायऱ्या चढून, टोपी काढून विचारत होते आणि परकी माणसं त्यांना पाच मिनिटं थांबायला सांगत होती. आणि ते थांबत होते. पापांना कुणी थांब म्हटलं की ते थांबत.

त्या दिवशी क्लाइव्ह आणि डॉरीन गाडी घेऊन बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेले. मी टांटीला सगळं सांगितलं आणि त्या पलंगावर जाऊन आडवी झाले. पडदे ओढले. खालचा दगड मला जणू पाठीला लागत होता. मी डोळे मिटून मनात म्हणत राहिले, पापा, मी आलेय. मला विचारा. झाली वेळ, या.

झोप लागली. तीन तास लागली. स्वप्नात काहीही नव्हतं, नुसता राखाडी रंग. खाली हातोडीही वाजली नाही. उठले तेव्हा उशी ओली होती.

"रागावलेत माझ्यावर," मी टांटीला म्हटलं. "मातीला आले नाही म्हणून."

"तुझा बाप कुणावर रागवायला शिकला नव्हता. लाजत असेल. शिकून आलेल्या मुलीला काही मागायला लाजतो माणूस." तिने माझ्या केसांवरून हात फिरवला. "आपण घाई नको करू या. पाहुणे गेले की खोली बंद करते. तू तिथे झोपत जा. महिना लागेल, दोन महिने लागतील. विचारेल."

"ढोलवाल्यांना शनिवार सांगितलाय. अजून दोन महिने पापांना कोंबड्यांत उभं ठेवायचं?"

"केझी, ऐक—"

"थांबणं हाच आपला रोग आहे, टांटी. आपण सगळ्यांना पाच मिनिटं देत बसतो."

तिने अजून एक वाक्य बोलायला हवं होतं आणि मी तिला बोलू दिलं नाही. ते वाक्य मला नंतर ऐकायला मिळालं.

गुरुवारी जेवणानंतर डॉरीन खोलीकडे निघाली तेव्हा मी तिला आंब्याखाली गाठलं. कुणाचा दगड, कुणाचा अंगठा, सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं ती घाबरेल, किंचाळेल. ती खाली बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

"म्हणजे मी त्याची झोप घेते," ती म्हणाली.

"तुम्हाला माहीत नव्हतं, मिस डॉरीन."

"आता झालं ना माहीत." ती घराकडे बघत राहिली. "आज तो आला की मी म्हणायचं, झाली वेळ, ये. एवढंच?"

"एवढंच."

"आणि मग मला… झोप येईल ना, बाळ?"

खरं म्हणजे मला काही माहीत नव्हतं. मला फक्त ते घराखालचं ठोकणं बंद करायचं होतं. "येईल," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "रॉबिन गेल्यापासून मला कुणी काही मागितलंच नाही," ती म्हणाली आणि उठली.

दोन वाजले. वारा पडला. मी खांबांपाशी उभी राहिले. ठक… ठक-ठक. कोंबड्या ताठ झाल्या. ठक… ठक-ठक. डांबराचा वास दाटत गेला. मग एक ठोका पडला आणि पुढचे दोन पडलेच नाहीत. वरच्या फळ्या एकामागून एक दबल्या, पायऱ्यांकडून पलंगाकडे. मग पलंग करकरला. आधी एका बाजूने. आणि थोड्या वेळाने दुसऱ्या.

चार वाजता डॉरीन बाहेर आली. केस विस्कटलेले, चेहरा लहान मुलीसारखा.

"म्हटलं त्याला. ये म्हटलं."

"मग?"

"हसला. टोपी खुंटीला लावली आणि माझ्याशेजारी आडवा झाला." ती कुजबुजली. "किती दमला होता ग. पडल्या पडल्या घोरायला लागला."

मागच्या खोलीत खुंटी नाही. पूर्वी होती. पापांनी बसवलेली, वादळात भिंत पडली तेव्हा गेली. पण त्या वेळी मला आनंद इतका झाला होता की मी त्याचा विचार केला नाही. मी तिला मिठी मारली.

शनिवारी पहाटे चार माणसं दगड उचलायला आली. त्यातला एक म्हणजे तो दगड ओतणारा गवंडी. चौघांनी हात घातला आणि चौघं मागे कोलमडले, कारण दगड कापसाच्या गाठोड्यासारखा वर आला.

"ए, हा मी ओतलेला नाही," गवंडी म्हणाला.

"वाळू कमी घातली असशील," दुसरा म्हणाला. "तुझ्या बायकोच्या मक्याच्या कुकूच्या गोळ्यासारखा पोकळ झालाय."

सगळे हसले. गवंडी हसला नाही. त्याने बोटाच्या पेराने दगडावर वाजवून बघितलं, कान लावला, मग हात पुसले.

जेवण मोठं झालं. बोकडाचं मटण, तुरीचे दाणे घातलेला भात, मक्याच्या पिठाच्या कुकूचे गोळे. ढोल वाजले. मातीवर पाणी आणि रम शिंपडली. मी भाषण केलं, आपल्या माणसांना आपणच विश्रांती द्यायला शिकलं पाहिजे, असं काहीतरी. म्हाताऱ्या बायकांनी माना डोलावल्या. क्लाइव्ह दोन पेले पिऊन ढोलाभोवती नाचला, एका बाईने त्याला "बगळ्या, गुडघे वाकव!" म्हणून चिडवलं. दगड उभा राहिला तेव्हा टांटी रडली. मी रडले नाही. मला फार हलकं वाटत होतं.

तीनच्या बोटीवर मी त्या दोघांना सोडायला गेले. डॉरीन कठड्यालगतच्या बाकावर बसली. क्लाइव्ह बॅगा लावत होता. बोटीत गर्दी होती, एक बाई टोपली घेऊन डॉरीनशेजारच्या रिकाम्या जागेवर टेकायला गेली.

"इथे माणूस आहे," डॉरीन म्हणाली.

बाई क्लाइव्हकडे बघून दुसरीकडे गेली. पण क्लाइव्ह आला तो समोरच्या बाकावर बसला. बोट सुटली. डॉरीनची मान हळूहळू एका बाजूला कलली, कुणाच्या खांद्यावर टेकावी तशी, आणि ती तशीच झोपून गेली. तिथे टेकायला काहीच नव्हतं.

पितरांचं ताट आम्ही दगडाच्या जेवणातूनच वाढतो. मागच्या खोलीत टेबलावर ठेवून दार लावून घेतो. सकाळी उघडलं की काही ना काही हललेलं असतं. भाताला बोटाचा खड्डा, पेल्यातली रम उतरलेली. रविवारी सकाळी टांटीने दार उघडलं. ताट जसंच्या तसं होतं. रम काठोकाठ. आमच्या घरात साखरेचा एक कण सांडला तर मुंग्या लागतात, त्या ताटाला मुंगीसुद्धा नव्हती.

टांटीने ताट उचलून पाहिलं, परत ठेवलं. मग वळून म्हणाली, "त्याला ‘ये’ कोण म्हणालं?"

मी सांगितलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पलंगाच्या कडेवर बसली. "घरच्याने म्हणायचं असतं ग. दगड कुणीही उभा करेल. पण तो जातो बोलावणाऱ्याच्या घरी."

मी शाळेत जात राहिले. पोरांकडून नावं पाठ करून घेत राहिले. दफनभूमीत दगडासमोर उभी राहायचे तेव्हा मला रिकाम्या घराच्या दाराशी उभं राहिल्यासारखं वाटायचं.

तीन आठवड्यांनी क्लाइव्हचा फोन आला. आवाज खुशीत होता, निदान सुरुवातीला.

"झोपते ग, बाळासारखी झोपते. दुपारी दोन ते पाच, रात्री परत. पलंगाच्या एका कडेला, मला जागा नाही, मी सोफ्यावर. तक्रार नाही हं. पण एक विचारायचं होतं…" तो थांबला. "ती म्हणते, तो हल्ली दुसरंच विचारतो. समुद्र कुठल्या बाजूला आहे, म्हणे. रोज तेच. आमच्या गावाभोवती चहूकडे डोंगर ग. काय सांगायचं त्याला?"

"मिस डॉरीनला द्या," मी म्हटलं.

"बोल, बाळ," डॉरीनचा आवाज आला, शांत, झोपेने भरलेला.

"मी तुमच्याशी खोटं बोलले. झोप येईल की नाही मला माहीत नव्हतं. आणि ते… ते तुमच्या बरोबर जातील हेही माहीत नव्हतं."

"खोटं बोललीस ते तेव्हाच कळलं. शिक्षिका ना तू, आणि खाली बघून उत्तर दिलंस." ती जरा हसली. मग म्हणाली, "त्याला इथे फार थंडी वाजते ग. दोन रजया घालते मी. तरी कुडकुडतो."

"त्यांना परत पाठवा, मिस डॉरीन. काहीही करून."

मी काय मागत होते ते आम्हा दोघींनाही कळत होतं.

"बघते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढच्या सोमवारी दुपारी शाळेतून घरी येताना पुन्हा क्लाइव्हचा फोन आला. या वेळी त्याचा आवाज दमलेला होता.

"काल तिने गाडी काढायला लावली. किनारा दोन तासांवर आहे. ती मागच्या सीटवर झोपून होती. वाळू दिसली तशी उठली, दार उघडलं आणि धरून उभी राहिली, असा वारा आणि ती दार धरून उभी. मग लावून घेतलं. म्हणाली, क्लाइव्ह, उतरले दोघे."

"दोघे?"

"मीही तेच विचारलं. ती म्हणाली, त्याला वाट माहीत नव्हती, सोबत कुणीतरी हवं होतं. जास्त बोलली नाही." त्याने नाक शिंकरलं. "काल रात्रभर खिडकीशी बसून होती. झोप गेली, ती गेली. पण चेहरा… चेहरा वाईट नाही तिचा. तुला सांग म्हणाली, पाठवले."

मी रस्त्यावरच थांबले. समोर आमचा समुद्र पसरला होता, पांढऱ्या उन्हात, एकही होडी नसलेला. त्या थंड पाण्यापासून इथवर किती दिवस लागतात, मला माहीत नाही. ते कोणी कुठे लिहून ठेवलेलं नाही.

घरी आले तर टांटी चुलीपाशी होती. मटण शिजत होतं, कुकूचे गोळे वळून ठेवले होते. सोमवारी आमच्याकडे मटण नसतं. मी अजून तिला काही सांगितलं नव्हतं, फोन येऊन अर्धा तासही झाला नव्हता. तिने पितरांसाठी काढतात तसा बिनमिठाचा भात काढला, रस्सा काढला, वर आमच्या परसातल्या पिवळ्या मिरच्या उभ्या चिरून टाकल्या. एक ताट वाढलं. मग फळीवरून दुसरं ताट काढलं आणि तेही तसंच वाढलं.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"माहीत नाही," टांटी म्हणाली. ती स्वतःच्याच हातांकडे बघत होती. "दोन वाढावीशी वाटली."

मागच्या खोलीत टेबलावर दोन्ही ताटं आणि रमचा पेला ठेवला. दार लावून तिने किल्ली पोलक्यात घातली. त्या दिवशी आणि त्या रात्री घरात, घराखाली, कुठे काही वाजलं नाही.

सकाळी, ऊन नीट वर आल्यावर, आम्ही दार उघडलं.

पहिलं, पापांसाठी वाढलेलं ताट तसंच होतं. रम काठोकाठ होती.

दुसरं ताट कुणीतरी जेवलं होतं. भात, रस्सा, कुकू, सगळं. फक्त मिरच्या खाल्ल्या नव्हत्या. माझ्या वडिलांनी जन्मात कधी मिरची बाजूला काढली नाही. या मिरच्या एकेक करून वेचून, ताटाच्या काठावर ओळीने मांडून ठेवल्या होत्या.